प्रकाश आणि आवाजाचा मेंदूलहरींवर होणारा परिणाम: मोजायचा तर कसा?

वेध:

नमस्कार मंडळी. डोळ्यांसमोर लुकलुकणारे दिवे आणि कानात ठरावीक लयीचा आवाज, एवढ्यावर मेंदूलहरी हव्या त्या वारंवारतेला आणता येतात असं सांगणारी उपकरणं आणि ॲप्स आता ढिगाने मिळतात. जाहिरातीत बहुतेक वेळा एकच आलेख असतो. उद्दीपनाआधी जवळपास सपाट रेघ, उद्दीपन चालू असताना १० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दहा आवर्तनांना, उंच टोक. ते टोक खरं असू शकतं, त्याबद्दल माझा वाद नाही. पण ते कशाचं आहे हे त्या आलेखावरून कळत नाही, आणि नेमक्या याच मुद्द्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतोय.

थोडी पार्श्वभूमी. हान्स बर्गर यांनी जर्मनीत येना इथे १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा ईईजी (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी टिपलेला मेंदूच्या विजेचा आलेख) नोंदवला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. डोळे मिटले की साधारण दहा हर्ट्झची लय उमटते आणि उघडले की मावळते, हे त्यांचंच निरीक्षण. हीच अल्फा लय. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये ते पडताळून पाहिलं आणि लुकलुकत्या प्रकाशाच्या वेगाने ही लय चालवता येते हेही दाखवलं. पुढे चाळीसच्या दशकात ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर यांनी इलेक्ट्रॉनिक स्ट्रोबोस्कोप घेऊन त्याचा कसून अभ्यास केला. म्हणजे प्रकाशाने ईईजी बदलतो ही गोष्ट नव्वद वर्षांपासून माहीत आहे.

अडतं ते पुढे. १० हर्ट्झचा प्रकाश दिला आणि ईईजीत १० हर्ट्झला टोक आलं, तर ते चार प्रकारे येऊ शकतं. एक, एलईडीच्या तारांतला विद्युतप्रवाह थेट इलेक्ट्रोडने पकडला. यात मेंदूचा काही संबंधच नाही. दोन, प्रत्येक लुकलुकीला दृक्-बाह्यकाने (मेंदूच्या मागच्या, दृष्टी सांभाळणाऱ्या भागाने) एकेक प्रतिसाद दिला आणि ते प्रतिसाद एकामागून एक आल्याने लय दिसली. तीन, मेंदूची स्वतःची जी लय आधीच चालू होती तिने बाहेरच्या लयीशी पाऊल जुळवलं. चार, माणूस डोळे मिटून शांत बसला म्हणून अल्फा वाढली, दिवा नसता तरी वाढलीच असती. जाहिरातीत दावा असतो तिसऱ्याचा. मोजमाप मात्र चौघांना वेगळं करील असं क्वचितच केलेलं असतं.

आमच्याकडे आठ चॅनलचा, सेकंदाला २५० नमुने घेणारा ॲम्प्लिफायर आहे, एलईडी बसवलेला चष्मा आहे, तारेचे इअरफोन आहेत. सहभागी सगळे प्रौढ, लेखी संमती आणि संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता घेऊनच काम होणार आहे. इलेक्ट्रोड कुठे लावावेत, किती वेळ नोंद घ्यावी, तुलनेसाठी काय ठेवावं, विश्लेषण कसं करावं, ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी कृपया लिहावं.

रानवारा:

विषय चांगला आहे. मी ईईजी तंत्रज्ञ आहे, बरीच वर्षं याच कामात आहे. मोजमापाचं नंतर बोलू, आधी सुरक्षिततेचं लिहिते, कारण या विषयावरच्या चर्चांमध्ये ते हमखास राहून जातं.

रुग्णालयातल्या नेहमीच्या ईईजीमध्ये लुकलुकत्या प्रकाशाची तपासणी असतेच. दिवा डोळ्यांपासून साधारण ३० सेंटिमीटरवर ठेवतो आणि सेकंदाला एकापासून तीसपर्यंत, कधी त्याहून जास्त, अशा वेगवेगळ्या वेगांनी थोडा थोडा वेळ देतो. तो मेंदूला आराम मिळावा म्हणून देत नाही. प्रकाशामुळे झटका येण्याची प्रवृत्ती आहे का, हे शोधायला देतो. बहुतेक लोकांच्या डोक्याच्या मागच्या भागात त्या वेगाची लय दिसते, ती सामान्य आहे. काहींच्या नोंदीत मात्र टोकदार अपस्मारी (फिटच्या आजारातल्या) लहरी पसरायला लागतात. तसं दिसलं की त्याच क्षणी दिवा बंद करायचा असतो, नाहीतर पुढे झटका येऊ शकतो.

ही प्रवृत्ती सर्वसाधारण लोकांमध्ये साधारण चार हजारांत एकाला असते, अपस्मार असलेल्यांमध्ये तीन ते पाच टक्क्यांना. शाळकरी आणि किशोरवयात प्रमाण जास्त. सगळ्यात धोक्याचा पट्टा साधारण १५ ते २५ हर्ट्झचा, पण त्याच्या अलीकडे-पलीकडेही प्रतिसाद येतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा आलटून-पालटून दाखवला गेला आणि सुमारे सातशे जणांना, त्यात बहुतेक मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं. त्यातल्या बहुतेकांना आधी कधी झटका आलेला नव्हता. 'मला कधी फिट आली नाही, म्हणजे मी सुरक्षित' हे गृहीत धरू नका, ते यासाठी. वेबसाइटसाठीच्या सुगम्यता निकषांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त लुकलुक नको असं म्हटलंय, त्याचं कारणही हेच.

डोळे मिटल्याने संरक्षण मिळतं हाही गैरसमज. पापणीतून लाल प्रकाश चांगलाच आत जातो, शिवाय मिटलेल्या डोळ्यांवर तो सगळीकडे सारखा पसरतो. चष्म्यात एलईडी लाल असतील तर ते बदला.

तुमच्या सहभागींमध्ये स्वतःला किंवा जवळच्या नात्यात अपस्मार, आधी कधी शुद्ध हरपणं, तीव्र अर्धशिशी, झटक्याचा उंबरठा खाली आणणारी औषधं, यातलं काहीही असेल तर त्यांना घेऊ नका. आदल्या रात्री जागरण झालेल्यालाही त्या दिवशी बसवू नका. आणि खोलीत झटका हाताळता येणारी व्यक्ती हवीच. दिवा एका बटणात बंद झाला पाहिजे, संगणकाचा मेनू शोधत बसायची वेळ येता कामा नये.

चुंबक:

रानवाराताईंच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. बटण थेट एलईडीच्या पुरवठ्यावर ठेवा, सॉफ्टवेअरच्या भरवशावर नको.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, त्यामुळे पहिल्या शक्यतेबद्दल, म्हणजे तारांतून येणाऱ्या खोट्या टोकाबद्दल लिहितो. डोक्यावरची अल्फा साधारण दहा ते पन्नास मायक्रोव्होल्टची, प्रकाशाचा लयबद्ध प्रतिसाद बहुधा काही मायक्रोव्होल्टचा, आवाजाचा तर एका मायक्रोव्होल्टहूनही कमी. एलईडीचा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये आणि तारा कपाळापासून दोन बोटांवर. अशा वेळी खोटं टोक येणं अगदी स्वाभाविक आहे, ते आलं नाही तरच आश्चर्य.

पडताळणी सोपी आहे. सगळी मांडणी जशीच्या तशी ठेवा, चष्मा चालू ठेवा, फक्त एलईडी आणि डोळे यांच्यामध्ये पूर्ण अपारदर्शक काळा कागद घाला. प्रवाह तोच, तारा त्याच, प्रकाश शून्य. टोक गेलं तर ते डोळ्यांतून आलेलं होतं. राहिलं तर तारांतून येत होतं. आवाजासाठीही हेच करा. इअरफोन कानापासून काढून तिथेच शेजारी चिकटवा, कानात बोळा घाला आणि नोंद घ्या. शक्य असेल तर रबरी नळीतून आवाज कानापर्यंत नेणारे इअरफोन वापरा. त्यात कॉइल डोक्यापासून लांब राहते आणि नळी चिमटीत धरली की आवाज बंद, वीज चालू, अशी पडताळणी आयतीच होते.

इलेक्ट्रोडवर थेट प्रकाश पडला तरी धातूच्या पृष्ठभागावर विद्युतदाब तयार होतो. कपाळावरचे इलेक्ट्रोड झाका. शिवाय लुकलुकीबरोबर कपाळाचे स्नायू आखडतात आणि दृष्टिपटलाचा स्वतःचा विद्युत प्रतिसादही पुढच्या इलेक्ट्रोडवर उमटतो. म्हणून प्रकाशाच्या प्रयोगात कपाळावरच्या टोकावर मी कधीच विसंबत नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी तुमच्या २५० नमुन्यांच्या ॲम्प्लिफायरला थेट लागू पडते. ४० हर्ट्झच्या आवाजासाठी बहुतेक जण १००० हर्ट्झचा सूर घेतात आणि त्याची तीव्रता सेकंदाला चाळीस वेळा कमी-जास्त करतात. या आवाजाच्या वर्णपटात (कोणती वारंवारता किती जोरात आहे त्या आलेखात) ४० हर्ट्झ नसतोच; ९६०, १००० आणि १०४० असे तीन घटक असतात. त्यामुळे वाटतं, की इअरफोनची वीज पकडली गेली तरी ती ४० ला दिसणार नाही. पण सेकंदाला २५० नमुने एवढ्या वेगवान लहरींना कमी पडतात, त्या खालच्या वारंवारतेच्या असल्यासारख्या नोंदल्या जातात; त्यामुळे ९६० आणि १०४० दोन्ही दुमडून येतात ते बरोबर ४० हर्ट्झवर. गणित करून बघा, २५० चौक १०००, त्यापासून दोघांचं अंतर ४०. ॲम्प्लिफायरचा आधीचा फिल्टर या वारंवारता पुरेशा दाबत नसेल, तर मेंदू नसलेल्या भोपळ्यावर इलेक्ट्रोड लावले तरी सुंदर ४० हर्ट्झ मिळेल. मूळ सूर १००० ऐवजी ९३० घ्या; मग दुमडलेले घटक ३०, ७० आणि ११० वर जातात आणि ४० ची जागा मोकळी राहते.

स्क्रीनवरून प्रकाश द्यायचा विचार असेल तर सोडून द्या. ६० हर्ट्झच्या पडद्यावर १० नीट येतो, तीन फ्रेम पांढऱ्या आणि तीन काळ्या. ३० येतो, २० कसाबसा येतो. ४० येऊच शकत नाही, कारण एका आवर्तनाला दीड फ्रेम लागते. '४० हर्ट्झ थेरपी' म्हणून फिरणारे व्हिडिओ साध्या फोनवर प्रत्यक्षात काय दाखवतात ते फोटोडायोड (प्रकाश टिपणारा विद्युत भाग) लावून बघा. तुमचा एलईडीचा चष्मा उत्तम, पण फोटोडायोडची खूण ॲम्प्लिफायरच्या एका चॅनलवर जरूर नोंदवा. ब्लूटूथ नकोच, त्यातला उशीर मोठाही असतो आणि बदलताही.

कुतूहल:

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक साधा प्रश्न. मी झोपण्याआधी बायनॉरल बीट्स, म्हणजे दोन कानांत किंचित वेगळे सूर, ऐकतो आणि मला खरंच शांत वाटतं. मग माझ्या मेंदूलहरी बदलत नाहीत असं म्हणायचं का? माझ्याकडे कपाळावर बांधायचा, मेंदूलहरी मोजणारा म्यूज नावाचा पट्टाही आहे. त्यात अल्फा वाढलेली दिसते.

वेध:

कुतूहल, तुमचा प्रश्न या धाग्याच्या मध्यावरच येतो, त्याचं उत्तर जाणकार देतीलच. मी फक्त पट्ट्याबद्दल सांगतो. म्यूजचे इलेक्ट्रोड कपाळावर आणि कानामागे असतात, डोक्याच्या मागच्या भागावर एकही नसतो. अल्फा आणि प्रकाशाचा प्रतिसाद सर्वांत जोरात असतो तो मागे. पट्टा वाईट आहे असं नाही, पण या प्रश्नासाठी त्याची जागा चुकीची आहे.

चुंबक, ९६० आणि १०४० चं लगेच करून पाहतो. हे कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

गाभा:

मी याच विषयात संशोधन करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जागा: प्रकाशासाठी ओ१, ओ२ आणि ओझेड, म्हणजे डोक्याच्या मागचा उंचवटा आणि त्याच्या दोन बाजू. आवाजासाठी माथ्यावरचा सीझेड आणि त्याच्या पुढचा एफझेड, तुलनेचा संदर्भ-इलेक्ट्रोड कानामागच्या हाडावर. श्रवण-बाह्यक कानाच्या वर असूनही त्याचा प्रतिसाद माथ्याच्या पुढच्या भागावर सर्वांत मोठा दिसतो, कारण तिथल्या चेतापेशींची दिशा तशी आहे. आठ चॅनलमध्ये हे सगळं आरामात बसतं. उरलेल्यांपैकी एक डोळ्याशेजारी लावा, पापण्यांची हालचाल ओळखायला.

प्रकाश: १० हर्ट्झच लोकांचा आवडता, आणि तोच मोजायला सर्वांत अवघड. डोळे मिटलेल्या माणसाचा वर्णपट डोळ्यांसमोर आणा. आठ ते तेरा हर्ट्झच्या दरम्यान एक रुंद टेकडी असते, तिचा माथा कुणाचा ९.४ ला, कुणाचा १०.८ ला. ही टेकडी त्याची स्वतःची अल्फा. आता १० हर्ट्झचा प्रकाश लावला की टेकडीवर एक सुईसारखं अरुंद टोक उभं राहतं, आणि २० हर्ट्झला दुसरं लहान टोक. सुई आणि टेकडी वेगळ्या मोजल्या नाहीत आणि '८ ते १३ हर्ट्झमधली सरासरी शक्ती' असा एकच आकडा काढला, तर माणूस नुसता सैलावला तरी आकडा वाढेल, आणि पेंगला तर कमी होईल. ॲप्समध्ये दिसणारी अल्फा बहुधा हाच एकगठ्ठा आकडा असतो.

सुई वेगळी काढायला लांब खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा नोंदीचा लांब तुकडा, लागते. एफएफटीत (नोंदीतल्या वारंवारता सुट्या करणाऱ्या गणितात) दोन शेजारच्या वारंवारतांमधलं अंतर म्हणजे एक भागिले खिडकीची लांबी. दोन सेकंदांची खिडकी घेतली तर अर्धा हर्ट्झ, दहा सेकंदांची घेतली तर ०.१ हर्ट्झ. दहाची घ्या, आणि खिडकीत उद्दीपनाची पूर्ण आवर्तनं बसतील असं बघा, नाहीतर सुई शेजारी सांडते. मग उद्दीपनाच्या वारंवारतेवरची शक्ती भागिले दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची सरासरी शक्ती, असं गुणोत्तर काढा. टेकडी उंचावली तर अंश आणि छेद दोन्ही वाढतात, त्यामुळे सैलावण्याचा परिणाम बराचसा वजा होतो.

ते २० हर्ट्झचं टोक दुर्लक्षू नका, मला ते फार आवडतं. एलईडी निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद असेल तर त्या चौकोनी लहरीत १०, ३०, ५० असे विषम पटीतलेच घटक असतात. २० नसतो. तरीही ईईजीत २० दिसतो, कारण दृष्टिसंस्था दिवा लागण्यालाही प्रतिसाद देते आणि विझण्यालाही. तारांतून आलेल्या खोट्या टोकात ही खूण सहसा नसते.

आणखी एक पडताळणी. वेगवेगळ्या वारंवारतांना प्रकाश आणि ईईजी यांच्यातला फेजचा फरक, म्हणजे एक लय दुसरीच्या आवर्तनाच्या किती अंश मागे आहे ते, मोजा. तारांतून आलेला संकेत तत्काळ येतो, त्याच्या फेजमध्ये वारंवारतेबरोबर बदल नसतो. मेंदूतून आलेला उशिरा येतो, म्हणून वारंवारता वाढली की फेज मागे सरकत जाते. समजा ९ हर्ट्झपासून ११ हर्ट्झपर्यंत फेज ७२ अंश मागे गेली. ३६० गुणिले २ म्हणजे ७२०; ७२ भागिले ७२०, म्हणजे ०.१ सेकंद. शंभर मिलिसेकंदांचा उशीर हा डोळ्यापासून बाह्यकापर्यंतच्या वाटेला साजेसा आहे. शून्य आला तर चुंबक यांची काळ्या कागदाची पडताळणी करा.

आवाज: इथे धीर लागतो. प्रतिसाद इतका लहान असतो की शेकडो तुकड्यांची सरासरी काढावी लागते. गोंगाट तुकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे शंभर तुकडे घेतले तर दहा पट. ४० हर्ट्झला प्रतिसाद सर्वांत चांगला, हे गॅलाम्बोस आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं. १० हर्ट्झच्या आवाजाला अल्फा पळत येईल अशी अपेक्षा धरू नका. आवाजाचा परिणाम प्रकाशाच्या मानाने कायमच लहान. तरी तो इतका भरवशाचा आहे की झोपलेल्या बाळांची श्रवणक्षमता मोजायला ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यानचा असाच प्रतिसाद वापरतात.

तुलनेसाठी: चार परिस्थिती किमान हव्यात. डोळे मिटून नुसतं बसणं, लयीत प्रकाश, तेवढाच प्रकाश पण दोन लुकलुकींमधलं अंतर अनियमित, आणि झाकलेला प्रकाश. क्रम प्रत्येकासाठी वेगळा, चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. नेहमी विश्रांती आधी आणि उद्दीपन नंतर ठेवलं, तर दहा मिनिटांत माणूस जो पेंगतो त्याचं श्रेय दिव्याला जातं.

कुतूहल:

गाभा, मनापासून आभार. अनियमित प्रकाशाचं कारण जरा उलगडून सांगाल का? तो कशासाठी?

गाभा:

अनियमित प्रकाशात लुकलुकींची संख्या तीच, उजेड तोच, फक्त लय नाही. माणसाला शांत वाटणं, एखाद्या चाचणीतले गुण सुधारणं, अल्फाची टेकडी उंचावणं, हे सगळं अनियमित प्रकाशातही तितकंच झालं, तर ते लयीमुळे झालं असं म्हणता येत नाही. लय हाच ज्याचा दावा आहे त्याला हीच खरी परीक्षा. ही परीक्षा नसलेला अभ्यास मी बाजूला ठेवते, आलेख कितीही देखणा असो.

वेध यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेतला फरकही इथूनच सुरू होतो. प्रत्येक लुकलुकीचा सुटा प्रतिसाद काढायचा, तो उद्दीपनाच्या वेगाने एकावर एक रचायचा, आणि मोजलेल्या लयीशी ताडून बघायचा. २०११ मध्ये कापिया आणि सहकाऱ्यांनी अशा रचण्यातूनच प्रकाशाची लय समजावता येते असं दाखवलं. २०१६ मध्ये नोटबोम, कुर्थ्स आणि हरमान यांनी उलट बाजू मांडली. प्रकाशाची वारंवारता माणसाच्या स्वतःच्या अल्फाच्या जितकी जवळ, तितक्या मंद प्रकाशानेही पाऊल जुळतं. लांब गेलात की तीव्रता वाढवावी लागते. स्वतःची लय असलेल्या यंत्रणेचं हे लक्षण आहे. हरमान यांनीच २००१ मध्ये १ ते १०० हर्ट्झपर्यंत प्रकाश देऊन बघितला होता, तेव्हा १०, २०, ४० आणि ८० च्या आसपास प्रतिसाद जास्त जोरकस होता.

माझं मत विचाराल तर अल्फाच्या पट्ट्यात थोडंफार पाऊल जुळतं, बाकीच्या पट्ट्यांत बहुतेक सुटे प्रतिसादच असतात. म्हणून प्रत्येक सहभागीचा अल्फा-माथा आधी काढा, आणि उद्दीपन एकाच आकड्याला न देता त्या माथ्यावर, दोन हर्ट्झ खाली आणि दोन हर्ट्झ वर द्या. प्रकाश थांबल्यानंतरची नोंदही ठेवा. जुळलेली लय लगेच मरत नाही, काही आवर्तनं रेंगाळायला हवी. सुटा प्रतिसाद दिव्याबरोबर विझतो.

आता बायनॉरल. एका कानात २०० आणि दुसऱ्यात २१० हर्ट्झचा सूर दिला की १० हर्ट्झची थरथर ऐकू येते. हवेत ती नसते, दोन्ही कानांचे मार्ग मेंदूच्या खोडात जिथे एकत्र येतात तिथे ती तयार होते. डोव्ह यांना हे एकोणिसाव्या शतकातच सापडलं होतं, आणि १९७३ मधल्या ऑस्टर यांच्या लेखाने ते लोकप्रिय झालं. मूळ सूर हजार हर्ट्झच्या बराच खाली हवा, नाहीतर थरथर जाणवत नाही. हेच दोन सूर स्पीकरवर लावले तर ते हवेतच मिसळतात; दोन तारा सुरात जुळवताना जी आंदोलनं ऐकू येतात तीच ही. ही साधी आंदोलनं बायनॉरलपेक्षा ईईजीत जास्त ठळक उमटतात, असं २०२० मधल्या ओरोस्को पेरेझ, ड्यूमास आणि लेमान यांच्या अभ्यासात दिसलं, आणि मनःस्थितीत दोघांनीही फरक पडला नाही. २०२३ मध्ये इंगेनडो आणि सहकाऱ्यांनी चौदा अभ्यास एकत्र तपासले. पाच बाजूने, आठ विरुद्ध, एक मिश्र.

कुतूहल, तुम्हाला शांत वाटतं ते खरंच आहे. दिवे मालवून, डोळे मिटून, हळू आवाज ऐकत पडलं की शांत वाटतं आणि अल्फाही वाढते. ऐकायचं सोडू नका. फक्त त्याचं कारण १० हर्ट्झ आहे असं समजून त्यासाठी पैसे भरू नका.

सायंतारा:

मध्येच विचारते, माफ करा. सासऱ्यांना अल्झायमर्सचं निदान झालंय. घरातल्या एकांनी ४० हर्ट्झचा दिवा मागवायचं ठरवलंय, रोज एक तास समोर बसवायचं म्हणतात. वाचून आशाही वाटते आणि भीतीही. उपयोग होतो का?

गाभा:

सायंताराताई, माफी कशाला, याच विषयातला प्रश्न आहे. जे माहीत आहे ते स्पष्ट सांगते.

२०१६ मध्ये एमआयटीतल्या ली-ह्वे त्साई यांच्या गटाने अल्झायमर्सचे जनुकीय बदल असलेल्या उंदरांना तासभर ४० हर्ट्झचा प्रकाश दिला, आणि त्यांच्या दृक्-बाह्यकात अमायलॉइड (अल्झायमर्समध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) कमी झाल्याचं नोंदवलं. २०१९ मध्ये त्याच गटाने आवाजाची जोड देऊन परिणाम आणखी पसरतो असं दाखवलं. तिथून हे सगळं सुरू झालं. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या बुझाकी यांच्या गटाने तशाच उंदरांच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड ठेवून पाहिलं, तेव्हा ४० हर्ट्झच्या प्रकाशाने मेंदूची स्वतःची गॅमा लय (४० हर्ट्झच्या आसपासची वेगवान लय) जुळत नव्हती आणि अमायलॉइडही भरवशाने कमी होत नव्हतं. माणसांवरच्या लहान चाचण्यांत हे उद्दीपन सहन होतं असं दिसलंय. सहन होणं आणि आजार थोपवणं यात मोठं अंतर आहे, आणि एवढ्या लहान चाचण्यांवरून उपचार म्हणून ते घरी सुरू करावं असं मी म्हणणार नाही. उंदराचा मेंदू आणि आपला मेंदू यांच्या आकारातही प्रचंड फरक आहे.

रानवारा:

सायंताराताई, मी एवढंच जोडते की अल्झायमर्समध्ये झटके येण्याची शक्यता त्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त असते. त्यामुळे त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय दिवा लावू नका, आणि विचारताना त्याची वारंवारता आणि किती वेळ लावणार तेही सांगा. घरातले मागवणारे प्रेमापोटीच मागवतायत, त्यांना हा धागा वाचायला द्या. एखाद्या संशोधन चाचणीत सहभागी होता येतं का, हेही डॉक्टरांनाच विचारा. तिथे देखरेख असते.

सायंतारा:

दोघींचे खूप आभार. पुढच्या भेटीत विचारते. तोवर दिवा थांबवायला सांगितलंय.

वेध:

सगळ्यांच्या प्रतिसादांवरून आराखडा बदललाय, तो इथे ठेवतो. आधी तीन मिनिटं डोळे मिटून नोंद, त्यावरून अल्फा-माथा. मग माथ्यावर, दोन हर्ट्झ खाली आणि दोन हर्ट्झ वर, प्रत्येकी लयीत, अनियमित आणि झाकलेला प्रकाश. क्रम चिठ्ठ्यांनी. प्रत्येक तुकडा दोन मिनिटांचा, मध्ये तेवढीच विश्रांती, आणि प्रकाश थांबल्यानंतरचे दहा सेकंद वेगळे. माथा ११ च्या वर असलेल्यांसाठी वरची वारंवारता १३ च्या पुढे जाते, ती रानवाराताईंच्या १५ च्या पट्ट्याकडे सरकू नये म्हणून त्यांना वरची देणार नाही. एलईडी लाल होते, पांढरे आणि मंद करतोय. आवाजाचा भाग वेगळ्या दिवशी, ९३० चा सूर, ४० हर्ट्झ, नळीचे इअरफोन मिळवतोय.

विश्लेषण कोणतं करणार आणि कोणत्या गुणोत्तराला परिणाम म्हणणार, हे नोंदी घेण्याआधीच लिहून तारीख घालून ठेवणार आहे. एक शंका उरली. अनियमित प्रकाशात अंतरं किती बदलावीत? थोडी बदलली तर सुई शिल्लक राहील असं वाटतं.

गाभा:

बरोबर वाटतंय. १० हर्ट्झसाठी सरासरी अंतर १०० मिलिसेकंद, ते ५० ते १५० च्या दरम्यान सारख्या संभाव्यतेने निवडा. ५० च्या खाली जाऊ नका, नाहीतर क्षणिक वेग २० हर्ट्झच्या पुढे जातो. ५० लाही क्षणभर २० होतोच, म्हणून रानवाराताईंना विचारून खालची मर्यादा ७० करा आणि वरची १३०. मग फोटोडायोडच्या नोंदीचा स्वतःचा एफएफटी काढा. त्यात १० ला सुई उरली असेल तर ती ईईजीतही येणार, आणि तुलना दुबळी होईल.

रानवारा:

७० ते १३० ठीक आहे, म्हणजे क्षणिक वेग साधारण १४ च्या वर जात नाही. तरी पहिल्या काही जणांच्या वेळी ईईजी समोर बघत बसणारा माणूस ठेवा, नुसता रेकॉर्ड करून नंतर बघू नका.

चुंबक:

मी ७० ते १३० चे यादृच्छिक आकडे घेऊन नक्कल करून पाहिली. १० ला अरुंद सुई उरत नाही, पण पसरट फुगवटा राहतो, आणि तो अल्फाच्या पट्ट्यातच पडतो. वेध, शेजाऱ्यांशी गुणोत्तर काढताना हे लक्षात घ्या. शेजारी म्हणून दोन्ही बाजूंचे अर्धा हर्ट्झच्या आतलेच घटक घेतलेत तर फुगवटा अंशात आणि छेदात सारखाच येतो. एलईडी चालवायचा कोड आणि फोटोडायोडचं सर्किट आज रात्री इथेच टाकतो.